एक लेन्स, तीन कॅमेरे

निकॉन या जपानी कंपनीने १९५९ साली आपला ‘एफ’ हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तोंडाशी धातूची एक गोल कडी होती. लेन्सच्या मागचे तीन दाते त्या कडीत घालायचे, जरा फिरवायचे, ‘खट्’ आवाज आला की लेन्स बसली. कडीपासून फिल्मच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर ठरले ४६.५ मिलिमीटर. पुढे फिल्म मागे पडली, डिजिटल आले. पण आरसा असलेल्या आपल्या कॅमेऱ्यांत निकॉनने ही कडी आणि हे अंतर बदलले नाही. त्यामुळे माझ्यासारख्या हौशी माणसाला एक मोठी सोय झाली. एकच लेन्स घेऊन मला फिल्मचा काळ बघता आला आणि तीच लेन्स घेऊन डिजिटलमध्येही शिरता आले.

ती लेन्स म्हणजे ५० मिलिमीटर, एफ १.८ची निक्कोर. फोकस हाताने करायचा, छिद्राची कडी हाताने फिरवायची, आत ना मोटर ना चिप. सहा भिंगे पाच गटांत बसवलेली, छिद्र लहानमोठे करणारी सात पाती. मी ती मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका गल्लीतून जुन्यात घेतली. आधी ती निकॉनच्या एफएम१० या फिल्म कॅमेऱ्यावर वापरली, मग डी७० या डिजिटल कॅमेऱ्यावर, आणि आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरतो.

फिल्म चांगली की डिजिटल, असे मला लोक विचारतात. या प्रश्नाने हाती फारसे काही लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. चित्र तयार करते लेन्स. फिल्म किंवा सेन्सर ते झेलतो. चित्रातला कोणता गुण लेन्सचा, कोणता झेलणाऱ्या पृष्ठभागाचा आणि कोणता आपल्या सवयीचा, हे वेगळे करता आले तर कॅमेरा कोणता घ्यायचा हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. लेन्स तीच ठेवून मागचे फक्त बदलले की ही वाटणी डोळ्यांना दिसते. या प्रकरणात तीच दाखवायची आहे.

आधी ५० हा आकडा कुठून आला ते पाहू. जर्मनीतल्या व्हेट्सलार गावी लाइट्स कंपनीत ऑस्कर बारनाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास असे आणि त्या काळचे काचपट्ट्यांचे अवजड कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे त्याला जमत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती कॅमेऱ्यात आडवी धावेल अशी योजना केली आणि सिनेमाच्या दोन चौकटींइतकी जागा एका फोटोला दिली. ती जागा म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटर. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला, तो ५० मिलिमीटरच्या लेन्ससह. २४ बाय ३६च्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. लेन्सचे नाभीय अंतर या कर्णाच्या जवळपास असले की चित्रातली दूरची आणि जवळची माणसे डोळ्यांना ओळखीच्या प्रमाणात दिसतात. म्हणून ५० मिलिमीटरला ‘नॉर्मल’ लेन्स म्हणू लागले. आज डिजिटलमध्ये ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो सेन्सरही बारनाकच्या याच चौकटीएवढा असतो.

आपल्याकडे बहुतेक घरांतली सुरुवात मात्र या चौकटीपासून झाली नाही. वडोदऱ्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री घरोघरी होता. त्यात १२०चा रोल बसायचा आणि त्यावर बारा चौकोनी फोटो यायचे. फोकस करायची भानगड नव्हती. ऊन की ढग, एवढेच ठरवायचे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे ‘इंदू’ छापाचे कृष्णधवल रोल त्यात घालता येत. लग्न, मुंज, बारसे, सहल असे सगळे त्या बारा फोटोंत बसवले जाई. फोटो मोजून काढायची आमच्या पिढीची सवय तिथलीच.

एफएम१० हा बॅटरीवाचूनही चालणारा कॅमेरा. त्यातले दोन छोटे बटनसेल फक्त प्रकाशमापकासाठी असत. सेल संपले तरी शटर सेकंदापासून सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत नीट उघडझाप करायचे. त्याच्यासोबत ३५ ते ७० मिलिमीटरची झूम लेन्स मिळे, आणि तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ ३.५. एफच्या पुढचा आकडा म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेले उत्तर. आकडा लहान तितके छिद्र मोठे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे एफ १.८ला एफ ३.५च्या जवळजवळ चौपट प्रकाश आत येतो. देवळाच्या सभामंडपात, जिथे समया आणि दारातून येणारा उजेड एवढाच आधार, तिथे या चौपटीने सेकंदाच्या आठव्या भागाचे काम तिसाव्या भागात होते. आठव्या भागात हात हलतो, तिसाव्यात बहुधा नाही. पन्नासची लेन्स घेण्यामागे माझे मुख्य कारण हेच होते.

या कॅमेऱ्यातून फोकस कसा करायचा हे एकदा जवळून बघण्यासारखे आहे. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटे वर्तुळ असते आणि त्याचे आडवे दोन भाग असतात. समोर समईची उभी दांडी असेल तर फोकस नसताना ती वर्तुळात तुटलेली दिसते: वरचा अर्धा डावीकडे, खालचा उजवीकडे. लेन्सची कडी फिरवत गेले की दोन्ही तुकडे सरकत एकमेकांवर येतात आणि दांडी अखंड झाली की फोकस बसला. उभी रेष मिळाली तर काम झटक्यात होते. देवीच्या मुखवट्यावर तशी रेष नसते, म्हणून मी नथीच्या किंवा कपाळावरच्या मळवटाच्या कडेवर फोकस घ्यायला शिकलो. लेन्स पूर्ण उघडी ठेवून अर्ध्या मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम सेंटिमीटरभर खोल असतो. नथ स्पष्ट आणि कान धूसर, असा तो हिशेब.

आता प्रकाशमापकाकडे. कॅमेऱ्यातल्या मापकाला समोर काय आहे हे कळत नाही. समोरून आलेला प्रकाश तो मोजतो आणि ते सगळे मिळून मध्यम करडे आहे असे धरून आकडा देतो. महाराष्ट्रात फोटो काढणाऱ्याला याचा रोज अनुभव येतो, कारण आपल्याकडे दोन टोके कायम समोर असतात: काळा बेसॉल्ट आणि पांढरे कपडे. दिवे घाटातून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी चढते तेव्हा चौकटभर पांढऱ्या टोप्या, पांढरी धोतरे, पांढरे सदरे असतात. मापक म्हणतो, उजेड फार आहे, कमी करा. त्याचे ऐकले की टोप्या मळकट करड्या होतात आणि खालचे चेहरे काळवंडतात. तिथे मापकाच्या आकड्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो, म्हणजे दुप्पट ते तिप्पट. उलट हेमाडपंती देवळाची काळी भिंत चौकटभर असेल तर मापक जास्त प्रकाश मागतो, आणि त्याचे ऐकले की दगड राखेसारखा दिसतो.

दोन्ही टोके एकाच चौकटीत आली की काय करायचे, हा खरा प्रश्न. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. काळ्या पायऱ्या, त्यांवर वाळत घातलेली पांढरी लुगडी, वर उन्हाचा झोत आणि देवळाच्या कमानीखाली गडद सावली. फिल्मवर हा फोटो काढताना मी सावलीवर मापक धरत असे आणि लुगड्यांची काळजी निगेटिव्हवर सोपवत असे. त्यामागे एक जुने संशोधन आहे. फर्डिनांड हर्टर हा स्विस रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो ड्रिफिल्ड हा इंग्रज अभियंता, दोघेही इंग्लंडमधल्या विडनेस गावच्या रासायनिक कारखान्यांत नोकरीला आणि फोटोग्राफी हा त्यांचा छंद. काचपट्टीवर किती प्रकाश पडला तर ती किती काळपट होते, हे मोजून १८९० साली त्यांनी त्याचा आलेख प्रसिद्ध केला. आलेखाची रेष इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी निघाली. अगदी कमी प्रकाशाला फिल्म जवळपास काहीच नोंदवत नाही, मधे प्रमाणात नोंदवते आणि भरपूर प्रकाशाला रेष हळूहळू आडवी होत जाते. ती एकदम थांबत नाही, हे महत्त्वाचे. जास्त प्रकाश पडलेली लुगडी निगेटिव्हवर गच्च काळी दिसतात, पण त्या काळ्यात विणीचा पोत शिल्लक असतो. प्रिंट काढताना तिथे जास्त वेळ उजेड दिला की तो कागदावर उतरतो. सावलीत मात्र निगेटिव्ह कोरी राहिली तर काढण्यासारखे तिथे काहीच नसते. एका हौशी जोडीने आपल्या आवडीपोटी काढलेला आलेख पुढे सगळ्या फिल्म कंपन्यांनी स्वीकारला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मी रोल धुवायला टाकायचो ती लॅब काका-पुतणे चालवत. रोल घ्यायला गेलो की काका आधी निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर पसरत आणि मगच बोलत. एकदा मेणवलीचा रोल बघताना त्यांनी कमानीखालच्या चौकटीवर भिंग ठेवले आणि म्हणाले, “बघा, इथे पातळ आहे पण आहे. बाई दिसतेय, तिच्या हातातली बादलीपण दिसतेय. एवढं असलं की माझं काम होतं.” मी वाकून पाहिले. उलट्या उजेडात कमान पांढरट, तिच्यात करड्या धुरासारखी एक आकृती आणि आकृतीच्या टोकाला बादलीच्या कडीची सुईएवढी रेष. प्रिंटमध्ये ती कडी ठसठशीत आली.

पुढे कृष्णधवल रोल मी घरीच धुऊ लागलो. अंधारात रोल टाकीत भरायचा आणि वर डेव्हलपर ओतायचा. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७पासून चालत आलेला आहे आणि त्याचे कोष्टक २० अंश तापमानाचे असते. मे महिन्यात आमच्या नळाचे पाणी तिशीजवळ जाते, तेव्हा बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवून तापमान उतरवावे लागते. फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हा सिल्व्हर हॅलाइडच्या एकेका कणावर चांदीचे मोजके अणू मोकळे होतात, पण डोळ्याला काही दिसत नाही. डेव्हलपर त्या मोजक्या अणूंच्या आधाराने पूर्ण कणाची चांदी करतो. जिथे प्रकाश पडलाच नाही ते कण तसेच राहतात आणि फिल्म दुधाळ दिसते. मग हायपो. जॉन हर्शेलला हायपोचा सिल्व्हर हॅलाइड विरघळवण्याचा गुण १८१९ साली सापडला होता आणि वीस वर्षांनी फोटोग्राफी जाहीर झाल्यावर तो कामी आला. न बदललेले सिल्व्हर हॅलाइड हायपोत विरघळते, दुधाळपणा ओसरतो आणि चित्र पारदर्शक पट्टीवर उघडे होते. रंगीत फिल्मची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटांत होते आणि अर्ध्या अंशाचा फरकही तिला खपत नाही. म्हणून रंगीत रोल मी लॅबकडेच ठेवले.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म गंमत म्हणजे फिल्म विकणाऱ्या कोडॅकमध्येच झाला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने एक खोके जोडले. शंभर बाय शंभर ठिपक्यांचे चित्र त्यात उमटायचे आणि ते कॅसेटच्या फितीवर साठायला २३ सेकंद लागायचे. त्याच कंपनीतल्या ब्राइस बायरने पुढच्याच वर्षी रंगांच्या मांडणीचे पेटंट मिळवले: सेन्सरच्या ठिपक्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्या, त्यांत हिरव्या निम्म्या, कारण माणसाचा डोळा बारकावे मुख्यतः हिरव्या उजेडात टिपतो. आज खिशातल्या फोनपासून महागड्या कॅमेऱ्यांपर्यंत बहुतेक सगळे सेन्सर बायरच्या या मांडणीवर चालतात.

२००४ साली आलेला डी७० हौशी लोकांच्या आवाक्यातला होता. ६१ लाख ठिपके आणि बारनाकच्या चौकटीपेक्षा लहान, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा सेन्सर. माझी पन्नासची लेन्स त्याच्या कडीवर बिनतक्रार बसली आणि दोन गोष्टी लगेच बदलल्या. पहिली, चौकट आवळली. लेन्स तेवढेच चित्र आत टाकत होती, सेन्सर त्यातला मधला भाग घेत होता. दृश्य दीडपट अरुंद झाले, ७५ मिलिमीटरची लेन्स लावल्यासारखे. पालखीच्या गर्दीत जिथून पूर्वी चारजणांची दिंडी मावायची तिथून आता टाळकरी एकटाच मावू लागला. पन्नासची लेन्स चेहऱ्यांसाठी एकदम छान झाली आणि घरातल्या खोलीसाठी निरुपयोगी. तरी लेन्स ५० मिलिमीटरचीच राहते, चौकट तेवढी लहान होते. ही गोष्ट विक्रेते गोंधळाची करून सांगतात, म्हणून इथे थांबून सांगितली.

दुसरा बदल अधिक शिकवणारा होता. या लेन्समध्ये चिप नसल्यामुळे डी७० तिला ओळखत नाही. कॅमेरा फक्त मॅन्युअल मोडवर चालतो आणि त्याचा प्रकाशमापक बंद पडतो. मग आधार उरतो फिल्मच्या डब्यावर छापलेल्या जुन्या कोष्टकाचा. भर उन्हात छिद्र एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओ आकड्याइतके. डी७०चा किमान आयएसओ २००, म्हणजे एफ १६ला सेकंदाचा दोनशेवा किंवा अडीचशेवा भाग. विरळ ढग आले की छिद्र एफ ११, आकाश ढगाळ असले की एफ ८, मोकळ्या सावलीत एफ ५.६. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-सावलीचा आलेख, दिसतोच, त्यावरून पुढचा आकडा सुधारायचा. शंभर-सव्वाशे रुपयांचा रोल वाया जाण्याची धास्ती नसल्यामुळे डोळ्याने प्रकाश ओळखण्याचा सराव मला फिल्मपेक्षा डिजिटलवर चांगला झाला. फोटोच्या फाइलमध्ये शटर आणि आयएसओ आपोआप लिहिले जाई, पण छिद्राचा रकाना रिकामा असे, म्हणून वहीपेन्सिल खिशात राहिलीच.

याच कॅमेऱ्यावर मी मेणवलीचा घाट पुन्हा काढला आणि फिल्मची सवय उलटी करावी लागली. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जमतात. दुप्पट प्रकाशाला दुप्पट इलेक्ट्रॉन, अगदी सरळ हिशेब. पण प्रत्येक ठिपक्याची साठवण ठरलेली असते. ती संपली की पुढचा प्रकाश नोंदला जात नाही. हर्टर-ड्रिफिल्डच्या आलेखातली वरची हलकी वळणरेष इथे नाही. रेष सरळ वर जाते आणि छताला टेकून थांबते. लुगड्याचे पांढरे एकदा छताला टेकले की त्यातली वीण कायमची गेली, कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. सावलीत मात्र थोडे इलेक्ट्रॉन जमलेले असतात, ते वाढवून दाखवता येतात. फार वाढवले की खरखर दिसते इतकेच. म्हणून निगेटिव्हवर सावली सांभाळायची आणि सेन्सरवर उजेड. डिजिटलवर मी लुगड्यांसाठी आकडा ठरवला, कमान काळोखी येऊ दिली आणि रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, कमानीतला तपशील नंतर उचलला. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, डी७०च्या १२ बिटांच्या नोंदीत ४०९६ असू शकतात. सावली उचलायची असेल तर या पायऱ्या लागतात. नवशिक्याला मी रॉ फाइलचा आग्रह धरतो तो यासाठी.

तिसरा कॅमेरा आरसा नसलेला. आरसा गेला की लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते. निकॉनच्या २०१८च्या झेड कडीवर हे अंतर अवघे १६ मिलिमीटर, सोनीच्या ई कडीवर १८. माझ्या लेन्सला लागतात ४६.५. मग अडॅप्टर म्हणजे काय, तर ३०.५ मिलिमीटर लांबीची पोकळ नळी, आत काचेचा तुकडाही नाही. याच साध्या वजाबाकीमुळे जगभरच्या जुन्या लेन्स पुन्हा बाहेर निघाल्या. पेन्टॅक्स, प्राक्टिका आणि रशियन झेनिटच्या पेचाच्या लेन्सना ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर त्या मिलिमीटरभर पुढे बसतात आणि दूरचे काही फोकसमध्ये येत नाही. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर ती अडचणच उरली नाही. झेनिटसोबत येणारी हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटरची लेन्स, मूळ जर्मन त्साइस बायोटारच्या धाटणीची, एकेकाळी अडगळीत पडलेली असे. आता पाठीमागची पाने गरगरल्यासारखी दाखवते म्हणून तरुण पोरे तिला शोधत फिरतात, आणि मला ते आवडते.

फुल फ्रेम सेन्सरवर पन्नासची लेन्स पुन्हा पन्नासची झाली. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दहापट मोठे करून फोकस करता येतो, त्यामुळे तुटलेल्या दांडीची गरज उरली नाही. आणि इथे लेन्सचे खरे गुणदोष उघडे पडले. फिल्मवर एफ १.८ला काढलेला फोटो मऊ वाटे, पण तो मऊपणा फिल्मच्या दाण्यांत मिसळून जाई. २४ मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा केला की सोन्याच्या नथीच्या चकाकणाऱ्या कडेला जांभळी झालर दिसते, कारण वेगवेगळे रंग काचेतून वेगवेगळे वळतात आणि मोठ्या छिद्राला ते एका जागी येत नाहीत. एफ ४ला झालर जाते. एफ ५.६ ते ८ला ही लेन्स आजच्या महागड्या लेन्सच्या शेजारी बसते. पुढे छिद्र फार लहान केले की प्रकाश कडेवरून पसरतो. एफ १६ला एका बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची होते, आणि या सेन्सरचा ठिपका आहे ६ मायक्रॉनचा. तपशील जातो, पण रात्रीच्या दिव्यांना तारे फुटतात. पाती विषम संख्येने असली की दुप्पट किरणे निघतात, म्हणून माझ्या सात पात्यांच्या लेन्समधून दीपमाळेच्या प्रत्येक दिव्याला चौदा किरणे येतात. हा गुण पूर्णपणे लेन्सचा; फिल्मवरही ती चौदाच होती.

लेन्स टिकते म्हणतात ते खरे, पण आपल्या हवेत ती टिकवावी लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतला ओलावा आठवडेच्या आठवडे सत्तर टक्क्यांवर असतो, आणि तेवढ्यात काचेवर बुरशी धरते. सुरुवातीला एखादा पांढरा ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. ती नुसती बसत नाही, तिच्यातून सुटणारे आम्ल काचेवरचे लेपन खाते. हे लेपन किती मोलाचे ते आकड्याने बघा. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते. माझ्या लेन्समध्ये पाच गट, म्हणजे हवेला भिडणारे दहा पृष्ठभाग. लेपन नसते तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच उडाला असता, आणि त्यातला बराच आत इकडेतिकडे आपटून चित्र फिकट करता. १९३५ साली त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हा परतणारा प्रकाश कमी केला, म्हणून आजच्या गुंतागुंतीच्या लेन्स शक्य झाल्या.

जुनी लेन्स घेताना मी दुकानाच्या बाहेर येतो, छिद्र पूर्ण उघडतो आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरून समोरून बघतो. धूळ असली तर चालते, तंतू असले तर नको. पात्यांवर तेलाचा ओशटपणा दिसला तर छिद्र सावकाश मिटते आणि फोटो जास्त उजळ येतो. चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे बंद राहिलेली लेन्स सर्वांत संशयाची, कारण चामडे ओल धरून ठेवते. घरी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवावा. त्याहून कोरडे झाले तर आतले वंगण आणि रबर बिघडते. सिलिका जेलने रंग बदलला की भाजून पुन्हा वापरता येते, मात्र निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर ते भाजू नये. आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणे. उजेडात आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या लेन्सला बुरशी क्वचित धरते.

आता पन्नासची लेन्स आणखी एका कामाला लागली आहे. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे पोकळ नळ्या घातल्या की ती जवळचे मोठे करून दाखवते. ५० मिलिमीटरच्या नळ्या घातल्या की वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढीच उमटते. निगेटिव्ह २४ बाय ३६ची आणि फुल फ्रेम सेन्सरही तेवढाच, त्यामुळे एक निगेटिव्ह बरोबर एक चौकट भरते. खाली पांढऱ्या उजेडाचा फलक, त्यावर निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा. इतक्या जवळून काढताना लेन्सवरचा एफ ८ प्रत्यक्षात एफ १६चे काम करतो, म्हणून मी एफ ५.६वर थांबतो. कृष्णधवल निगेटिव्ह संगणकावर उलटवली की झाले. रंगीत निगेटिव्हला नारिंगी तळ असतो. फिल्ममधले रंग पुरेसे शुद्ध नसतात आणि त्यांची भरपाई करण्यासाठी तो मुद्दाम दिलेला असतो. फिल्मच्या कोऱ्या कडेवरून पांढऱ्याचे माप घेतले की तो वजा करता येतो. मेणवलीच्या कमानीतली बादलीची कडी मी अशीच पुन्हा काढली. लॅबच्या काकांच्या प्रिंटमध्ये तिच्यामागे नुसता काळोख होता. इथे एक पायरी आणि पायरीवरचा तांब्याही दिसतो.

कामाचा क्रम मी रंगीतपासून लावला आहे. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी नीट धुतली असेल तर शंभर वर्षेही राहते. रंगीत निगेटिव्हमध्ये प्रक्रियेअंती चांदी उरतच नाही, उरतात सेंद्रिय रंग, आणि ते बंद पाकिटातही दरवर्षी थोडे फिके होत जातात. नव्वदच्या दशकातली दिवे घाटाची पाकिटे सध्या फलकावर आहेत. भगव्या पताकांपेक्षा मागच्या डोंगराचा हिरवा जास्त उतरला आहे, तो सावरायला प्रत्येक रोलमागे एक अख्खी संध्याकाळ जाते. लग्नांची पाकिटे दिवाळीनंतर काढीन, आणि कृष्णधवल सगळ्यात शेवटी.